ठिणगीची तपेली

पाचवा दिवस उजाडला तरी ठिणगीचं पोट साफ झालं नव्हतं.

तिची आई पातेल्यात उभी होती. छपराच्या वाशाला दोर बांधलेला होता. तो दोन्ही हातांनी धरायचा, पातेल्यात ओली वाळू आणि गोणपाटाचा तुकडा टाकायचा, आत उभं राहायचं आणि कमरेपासून डावीकडे-उजवीकडे वळत राहायचं. भांडं पायाखाली करकरत फिरतं, वर्षभराचा काळा थर सुटतो आणि खालचं तांबं लाल दिसायला लागतं. कल्हईवाल्याच्या बायकोच्या लग्नाला किती वर्षं झाली हे विचारावं लागत नाही, तिच्या टाचा बघाव्यात. हिच्या टाचांना सात वर्षांच्या भेगा होत्या आणि त्यांत वाळू शिरून बसली होती. दुपारपर्यंत सहा भांडी घासून व्हायला हवी होती.

"झालं का हो, आई?" तिने पातेल्यातूनच विचारलं.

"कुठलं काय!" परसातून सासूचा आवाज आला. "नुसती कुंथतेय नि रडतेय. पोटाला हात लावून बघ, दगड झालाय नुसता."

रडण्याचा आवाज मात्र येत नव्हता. हल्ली ठिणगी रडली तरी तोंड वाकडं व्हायचं आणि डोळे गळायचे, एवढंच. आवाज काढायचाही तिला कंटाळा यायचा.

कागदावरचं नाव वेगळं होतं, ठिणगी हे बापाने ठेवलेलं. दीड वर्षाची असताना ती भट्टीभोवती अशी काही उडायची, की एकाने कल्हई करायची आणि एकाने तिला धरायचं, असा घरात नियमच होता. बोलायलाही लवकर लागली आणि बोलायची ते चुरूचुरू. बाप नवी कांब घेऊन आला की ही पळत जाऊन त्याच्या मांडीवर बसायची. निखळ कथलाची कांब कानाजवळ धरून वाकवली तर आतून कर्रर्र आवाज येतो. कथील रडतं, असं म्हणतात त्याला. बाप ती कांब पोरीच्या कानाशी धरून वाकवायचा आणि ही खिदळायची, "अजून रडव!" गेल्या वर्षी कथील बाजारातून जवळजवळ नाहीसंच झालं. बाप दोन महिने रिकामा बसला आणि मग एकदाचा कुठून तरी गठ्ठाभर कांबी घेऊन आला. त्यातली एक त्याने पोरीच्या कानाशी वाकवली. पोर मान तिरकी करून थांबली, थांबली आणि म्हणाली, "रडत नाही."

"झोपलंय ते," बाप म्हणाला. सगळे हसले, सासूसुद्धा हसली.

तेव्हा ती पावणेतीन वर्षांची होती. आता पुढच्या महिन्यात चार पुरी होतील आणि ठेवली तिथे बसून राहते.

कल्हईवाला भट्टीपाशी कोळसे रचत होता. परसाकडे न बघताच तो म्हणाला, "तिची तपेली आण."

"आत्ता पंधरा दिवसांपूर्वी तर केली."

"आण म्हणतो ना. आंबट ताक राहतं तिच्यात. तांबं कुठेतरी उघडं पडलं असणार, तेच बाधतंय पोरीला."

हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापाने. उघड्या तांब्यात आंबट राहिलं की कळकतं आणि पोट बिघडतं. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून ठिणगीचं पोट पहिल्यांदा दुखलं तेव्हा त्याने सगळ्यात आधी तिची तपेली कल्हई केली. पुन्हा दुखलं, पुन्हा केली. आता दर पंधरवड्याला करत होता.

तिने पाय धुतले आणि भात्यापाशी बसली. तपेली तळहाताएवढी, बुडाला एक पोचा आलेली. तिने भाता ओढला तसे निखारे लाल झाले. त्याने सांडशीत धरून तपेली फिरवली, चिमूटभर नवसागर टाकला. पांढरा धूर भसकन वर आला, दोघांनी तोंडं फिरवली. मग त्याने कांब आत टेकवली. कांब वितळून पाण्यासारखी पसरली आणि त्याने कापसाचा बोळा गरागरा फिरवला. लोकांच्या भांड्याला तो एक हात द्यायचा, लेकीच्या तपेलीला तीन. तपेली पाण्यात बुडवून काढली आणि बायकोपुढे धरली.

"बघ. तोंड दिसतंय."

तिला तोंड दिसलं. ओढलेलं आणि काळवंडलेलं, पण दिसलं.

संध्याकाळी सासूने त्या तपेलीत ताक ओतून ठेवलं. उष्णता झालीय पोरीला, असं सासूचं ठाम मत होतं आणि तिच्या मतापुढे घरात कुणाचं चालायचं नाही. रात्रभर मुरलेलं आंबट ताक रोज सकाळी अनशापोटी द्यायचं. ठिणगी दोन घोट प्यायची आणि मान फिरवायची. मग आई तिचं नाक दाबून उरलेलं पाजायची.

उपाय करायचं कुणी बाकी ठेवलं नव्हतं. गावातल्या डॉक्टरने जंत म्हणून तीनदा औषध दिलं. जंत पडले नाहीत. एरंडेल झालं, शेक झाला. पाणी उकळून गाळून द्यायला लागले. चार दिवस पोट गच्च, मग एक दिवस खडे पडल्यासारखं होणार, पोर घामाघूम, पुन्हा पोटात कळा. अन्न समोर आलं की उलटी. हातापायांच्या काड्या झाल्या.

तीनेक महिन्यांपूर्वी आईचा संशय दुधावर गेला होता. दूध घालणारी गवळण तिच्याच वयाची, रोज दारात दोन शब्द बोलून जाणारी. त्या दिवशी हिने माप हातात घेतलं, दुधात बोट बुडवलं आणि चार बायकांच्या देखत म्हणाली, "काय घालतेस यात? कुठल्या डबक्याचं पाणी?"

गवळणीचा चेहरा पडला. "ताई, माझ्या दोन लेकी हेच दूध पितात."

"तुझ्या लेकी दगड पचवतील. माझी मरायला टेकलीय."

गवळणीने हिच्या हातातून माप काढून घेतलं, पुसलं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती या दारात आली नाही. हिला रोज वेशीपलीकडून दूध आणायला अर्धा कोस चालावं लागलं. आठवडा गेला, महिना गेला, पोट तसंच राहिलं. माफी मागायला जायचं तिच्या मनात येई, पण पाय उचलत नसे.

आणि मग ते कोळशाचं झालं. ठिणगी उलटी करत होती आणि आईने तिचं तोंड धरलेलं होतं. तेव्हा तिला हिरड्यांवर काळी रेघ दिसली, दातांच्या मुळाशी, निळसर काळी. भट्टीपासून दोन हातांवर कोळशाचा ढीग. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोळसा खातेस? सांग! कोळसा खातेस ना?"

आईने दोन ठेवून दिल्या. मग फडक्यावर मीठ घेऊन हिरड्या घासल्या. रक्त आलं तरी रेघ जाईना, म्हणून आणखी घासल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोळसे पत्र्याखाली झाकून ठेवले, वर दगड ठेवला, तरी रेघ होतीच. तिसऱ्या दिवशी आई फडकं घेऊन नुसती जवळ आली तर पोरीने आपणहून तोंड उघडलं. तरीही आईने घासल्याच.

शहरातल्या इस्पितळात जायचं तिने स्वतः ठरवलं. सासू म्हणाली, तिथे जाऊन कोण बरं झालंय. नवऱ्याने फाटकाशी येऊन पोरीच्या अंगावरचं कापड नीट केलं.

सकाळची गाडी, मग रांग, मग दुसरी रांग. बाकावर ठिणगी आईच्या कुशीत पोतं टाकावं तशी पडून होती. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, थकलेल्या, पण हात हलका. त्यांनी पोट दाबलं, डोळ्यांची पापणी खाली ओढली. बॅटरी हातात घेतली मात्र, पोरीने सांगायच्या आत तोंड उघडलं.

बाई वाकून बघत राहिल्या. "ही रेघ कधीपासून आहे?"

"कोळसा खाते हो ती. मी मारलं, घासलं, पण…"

"कोळसा नाही हा," बाई म्हणाल्या.

त्यांनी रक्त काढून घेतलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी त्यांनी कागद समोर ठेवला, पण वाचून दाखवला नाही.

"हिच्या रक्तात शिसं आहे. पुष्कळ आहे. घरात जुन्या बॅटऱ्या फोडता?"

"नाही."

"भिंतीला, खेळण्यांना रंग? चाटते का?"

"खेळणीच नाहीत."

"धंदा काय?"

"कल्हईचा. पण आमचं कथील असतं, शिसं नाही." हे तिने जरा ताठ होऊनच सांगितलं. घराण्याचा धंदा होता.

बाईंनी मान हलवली. त्यांना कल्हईतलं फार कळत नसावं. "कुठून तरी पोटात जातंय. शोधून काढा. शिसं उतरवणारं औषध आमच्याकडे नाही, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी देते. पण घरातलं थांबलं नाही तर त्या औषधाचा उपयोग नाही, उलट अपायच."

"मग होईल ना बरी?"

"पोट सुधारेल, बहुतेक."

"आणि बोलणं? आधी खूप बोलायची हो. तुम्हाला खरं वाटणार नाही एवढी बोलायची."

बाईंनी चष्मा काढला. "मी खोटं सांगणार नाही. डोक्याचं जे गेलंय ते परत येत नाही. आहे तेवढं वाचवायचं."

"मग आता?" तिने विचारलं.

"आधी पोटात जायचं थांबवा, मग लवकर न्या," म्हणत बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली.

परतीच्या गाडीत तिला खिडकीशी जागा मिळाली. ती मनातल्या मनात घर धुंडाळत होती. चूल, माठ, अंथरूण, डबे, सासूची औषधाची बाटली. गाडी खडखडत होती. ठिणगीने खिडकीची सळई हातात धरली होती आणि सळईला कान लावला होता. खूप वेळ ती तशीच कान लावून बसली. आई बघत होती आणि तिला काही सुचत नव्हतं. मग एकदम सुचलं.

पोरीने सांगितलं होतं. वर्षापूर्वी, बापाच्या मांडीवर बसून, पुऱ्या दोन शब्दांत सांगितलं होतं.

घरी आल्यावर तिने पोरीला सासूच्या मांडीवर दिलं आणि पाणीसुद्धा न पिता नवऱ्याची पेटी उघडली. कांब कानाशी धरून वाकवली. ओल्या वेतासारखी मुकाट वाकली. दुसरी वाकवली, तीही तशीच. मग तिने कांबीचं टोक चुन्याच्या भिंतीवर ओढलं. करडी काळी रेघ उमटली. हिरडीवरची रेघ तिने इतक्या वेळा घासली होती की रंग ओळखायला तिला वेळ लागला नाही.

नवरा दारात उभा होता.

"हे रडत नाही," ती म्हणाली.

"माहितीये."

"कधीपासून माहितीये?"

"आणलं तेव्हापासूनच." तो उंबऱ्यावर बसला. "व्यापारी म्हणाला, निखळ माल आता येतच नाही. थोडी भेसळ असते, सगळे हेच वापरतात. चकाकी तर उलट जास्त येते."

"भेसळ कशाची?"

तो उंबऱ्याची कड नखाने कोरायला लागला.

"कशाची भेसळ, म्हणते मी!"

"शिशाची. अगं, शिसं म्हणजे काय विष आहे का? माझा बाप मासे धरायला जायचा, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या दातांनी दाबायचा. सत्तरीपर्यंत जगला."

तिने डॉक्टरीणबाईंचा कागद त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्याला वाचता येत नव्हतं, तिलाही नव्हतं. मग तिनेच सांगितलं, बाईंनी जे सांगितलं ते सगळं, डोक्याचंही. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता उठला, फडताळावरची तपेली काढली आणि आतून अंगठ्याने चोळायला लागला. अंगठा काळा झाला. चड्डीला पुसून त्याने पुन्हा चोळली.

"तीन हात द्यायचो मी," तो म्हणाला. "हिला म्हणून तीन हात."

सासू चुलीपाशी बसली होती. पोरीच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला होता. "ताक मी ठेवायचे," ती म्हणाली. "मुद्दाम त्याच्यातच ठेवायचे." इतक्या वर्षांत सासू कधी स्वतःहून स्वतःला बोल लावून घेईल असं सुनेला वाटलं नव्हतं. आता ते ऐकून तिला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

"लोकांना सांगायला हवं," ती म्हणाली.

"काय सांगायचं? आठ गावांतली भांडी केलीत या कांबीने. फोडून काढतील मला."

"म्हणून सांगायचं नाही?"

"लोकांची वर्षातून एकदा होते कल्हई. आपली पंधरवड्याला व्हायची." समजूत घालावी तसं तो बोलला आणि काय बोलून गेलो ते कळल्यावर त्याने खाली बघितलं.

दोन दिवस भट्टी पेटली नाही. दारात लोकांची भांडी पडून राहिली. तपेली त्याने परसात खड्डा करून पुरली. ठिणगी दुसऱ्या भांड्यातून दूध प्यायली आणि ओकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकात गवळण उभी राहिली. कमरेवर तांब्याचं पातेलं, नजर भलतीकडेच. चार महिन्यांनी ती या दारात आली होती आणि यायला तिला किती जड गेलं असेल ते तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"तुझ्याशी बोलायला नाही आले," ती कल्हईवाल्याच्या बायकोला म्हणाली आणि भट्टीकडे वळली. "दादा, एवढं करून द्या. पावसाळ्याआधी केलेलं तुम्हीच, पण पुन्हा करा. धाकटीचं पोट धरलंय. आठ-आठ दिवस होत नाही तिला. दही याच्यातच लावते मी, म्हटलं तांबं उघडं पडलं असेल. जरा जाड लावा."

कल्हईवाल्याने ते घेतलं. काय करावं हे न सुचलेल्या माणसाचे हात नेहमीचंच करायला लागतात. त्याने कोळसे रचले, पेटवले, पातेलं वर धरलं आणि दुसऱ्या हाताने पेटी चाचपली. कांब बाहेर आली.

"भाता ओढ," तो म्हणाला.

ती भात्यापाशी बसली होती. हात दांड्यावर होता. तिने ओढला नाही.

"ओढ ना." त्याचे डोळे तिला विनवत होते. तिला त्याचा राग आला आणि तेवढीच कीवही आली. भात्याचा दांडा सोडून ती उभी राहिली. निखाऱ्यांवर राख धरायला लागली.

"दुधात काही नव्हतं गं," ती गवळणीला म्हणाली. "तुझ्या दुधात कधीच काही नव्हतं. आमच्या कल्हईत होतं."

गवळणीला आधी कळलंच नाही. मग हिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, काही न लपवता. कांब, शिसं, हिरड्या, रक्त. नवरा खाली मान घालून ऐकत होता. पातेलं अजून त्याच्या सांडशीत होतं.

"मग आता?" गवळण म्हणाली.

हाच प्रश्न हिने विचारला होता. उत्तरही तेच द्यावं लागलं. "यातलं काही पोटात जाऊ देऊ नकोस. शहरात ने. लवकर ने. तुझी अजून बोलते ना?"

"बोलते."

"मग आजच ने."

गवळणीने पातेलं घेतलं. कड गरम होती, तरी तिने ते तसंच कमरेवर मारलं. शिवी देईल, थुंकेल, दगड उचलेल असं हिला वाटत होतं, आणि तिने तसं काही केलं असतं तर सोसवलंही असतं. ती फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

"हिरडीवर रेघ असते म्हणालीस?"

"हो."

"काळी?"

"निळसर काळी."

"मी परवा राखेने घासल्या तिच्या," गवळण म्हणाली. "मला वाटलं कोळसा खाते."

ती गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत ती चालत होती आणि वळणावर पळायला लागलेली दिसली. आता संध्याकाळच्या आत सगळ्या गावाला कळणार होतं आणि उद्या उरलेल्या सात गावांना.

कल्हईवाला विझत्या भट्टीपाशी बसून होता. मग तो उठला, आढ्याच्या फटीत हात घालून चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बापाच्या वेळचा कांबीचा तुकडा होता, बोटभर. निखळ. बापाची आठवण म्हणून त्याने तो कधी वापरला नव्हता. लेकीच्या तपेलीसाठीही वापरला नव्हता.

भिंतीशी ठिणगी बसली होती. तो तिच्याजवळ मांडी घालून बसला, तिला मांडीवर घेतलं आणि तुकडा तिच्या कानाशी धरला.

"ऐक," तो म्हणाला आणि वाकवला.

कर्रर्र. भात्यापाशी बायकोला ऐकू आलं, चुलीपाशी सासूला ऐकू आलं. ठिणगी विझत्या कोळशांकडे बघत होती.

"रडतंय ना? सांग ना, रडतंय ना?" त्याने उलट वाकवला, पुन्हा सुलट, पुन्हा उलट. तुकडा दर वेळी रडला आणि शेवटी मधोमध मोडला. दोन्ही हातांत दोन तुकडे घेऊन तो पोरीच्या तोंडाकडे बघत राहिला. पोरीच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

आई उठली. लाळ पुसायला तिने दोरीवरचं फडकं घेतलं आणि ती जवळ आली.

फडकं बघून ठिणगीने तोंड उघडलं.